धनिणीच्या बागेतील बोर्डिंग

१. लेखकाने येथे ओझरता उल्लेख केलेले बोर्डिंग म्हणजे भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यास काढलेले व १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामाभिधान पावलेले वसतिगृह होय. शाहू महाराजांच्या उदार आश्रयाने कोल्हापुरात जी वसतिगृहे निघाली ती, तत्कालीन समाजस्थिती पाहता स्वाभाविकपणेच, बहुधा जातवार होती. साताऱ्यास मात्र स्पृश्य, अस्पृश्य, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एकाच पंक्तीस बसत, आणि आमच्या मते भाऊरावांच्या शिक्षणसंस्थेच्या पुढील अवाढव्य विस्तारापेक्षा ही पंगतच अधिक मोलाची. कोठीतला शिधा सरला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मोडून मुलांस जेवू घातले.