न पाहिलेली मैत्रीण

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा विषय शोधायला मला लांब जावे लागले नाही. तो गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवातच मिळाला होता. आपल्या आळीतली एक सून नुकतीच बाळंतपणाहून परत आली होती. दिवस भरण्याआधीच बाळ झाले, ते काचेच्या पेटीत आणि ही पुण्याच्या इस्पितळात रात्र रात्र जागी. तेव्हा तिला धीर दिला तो मोबाईलवरून ओळख झालेल्या चार-पाच बायकांनी. कोणी नाशिकची, कोणी बेळगावची, एक तर थेट परदेशात राहणारी. त्यांचीही बाळे अशीच अपुऱ्या दिवसांची होती. मध्यरात्री हिने दोन ओळी लिहाव्यात आणि कोणीतरी जागे असावेच. हे ती सांगत असताना आमच्यातल्या एक वडीलधाऱ्या काकू म्हणाल्या, “अगं, ज्यांचं तोंडही कधी पाहिलं नाहीस, त्यांची कसली मैत्री?” पोर गप्प बसली. मलाही त्या वेळी काही बोलणे सुचले नाही. पण प्रश्न मनात घोळत राहिला. त्याचे उत्तर इतिहासात सापडते, असे मला वाटते. ते येथे मांडते.

परक्या मुलखातल्या माणसांशी नाते जोडणे आपल्या जुन्नरला नवे नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातून नाणेघाट चढून व्यापाऱ्यांचे तांडे येथे येत. त्याच घाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख कोरलेला आहे. जुन्नरच्या डोंगरांतल्या लेण्यांत तीन यवनांची, म्हणजे ग्रीक वंशाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परदेशीयांची, दाने नोंदलेली आहेत. त्यांतल्या इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी खोदून दिल्या, चिट नावाच्या दुसऱ्याने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. पुढे कोण येऊन ते पाणी पिणार, हे त्या इरिलाला कुठे ठाऊक होते? न पाहिलेल्या माणसाची तहान त्याने ओळखली, एवढे खरे.

परंतु बायकांच्या वाट्याला असे दूरचे नाते यायला पुढे फार शतके जावी लागली. बाईचे जग म्हणजे माहेर, सासर आणि पाणवठा. त्या पलीकडे तिचा शब्द पोचवील असे साधनच नव्हते. ते साधन आणले टपालाने. १८५४ साली हिंदुस्थानात अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा, असा एकच दर ठरला. १८७६ साली आपला देश जागतिक टपाल संघात सामील झाला आणि १८७९ साली एका पैशाचे पोस्टकार्ड निघाले. आता लिहिता येणाऱ्या बाईला आपले मन समुद्रापार धाडता येऊ लागले. आपल्या जुन्नर-आंबेगावची किती घरे पुढे मुंबईच्या मनीऑर्डरीवर आणि त्याबरोबरच्या चार ओळींवर उभी राहिली, हे थोरल्या पिढीतल्या बायकांना सांगायला नको. टपालवाल्याची वाट पाहणे काय असते, ते त्यांना ठाऊक आहे.

याच टपालातून एक मैत्री जन्माला आली. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे, पण त्यांच्या मैत्रिणीचे नाव फारसे कोणी घेत नाही. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांची पत्नी होऊन आनंदी झाली. गोपाळराव टपालखात्यात नोकरीला, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, आणि बायकोला शिकवायचेच या हट्टाने पेटलेले. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, तो दहा दिवसांतच गेला. बायकांवर उपचार करायला बाई डॉक्टर हवी, ही गोष्ट त्या दुःखातून त्यांच्या मनात रुजली.

कोल्हापुरास असताना गोपाळरावांनी १८७८ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिले. आपल्या पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, असे त्यात विचारले होते. वाइल्डरसाहेबांनी ते आपल्या मासिकात छापले, परंतु त्यांचा रोख धर्मांतराकडे होता, म्हणून बेत तेथेच थांबला. मग १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणी दंतवैद्याकडे गेल्या असता, आपली पाळी येईपर्यंत तेथे पडलेले जुने मासिक चाळू लागल्या आणि ते पत्र त्यांच्या नजरेस पडले. बाईंनी मासिक मिटून बाजूला ठेवले असते, तर त्यांना कोणी नाव ठेवले नसते. कोण कुठली हिंदुस्थानातली मुलगी! पण त्यांनी घरी जाऊन पत्र लिहिले आणि अमेरिकेत आलीस तर माझ्या घरी तुला जागा आहे, असे कळवले.

तेव्हापासून पत्रे सुरू झाली. एक पत्र जाऊन उत्तर यायला कित्येक आठवडे लागत. तरी त्यांतून दोघींनी एकमेकींचे घर, चालीरीती, सणवार, सुखदुःख जाणून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. भगिनींनो, मावशी हा शब्द आपण उगाच कोणाला लावीत नाही. कलकत्त्यास असताना आनंदीबाईंची प्रकृती ढासळली, सतत ताप आणि डोकेदुखी, तेव्हा या मावशीने अमेरिकेतून औषधे पाठवली. त्यांचा गुण आला नाही. पण ज्या बाईला आपण डोळ्यांनी पाहिले नाही, तिचे डोके दुखते म्हणून समुद्रापलीकडून पुडके पाठवणे याला मैत्री म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

याच काळात जवळची माणसे काय करीत होती, तेही सांगितले पाहिजे. नवऱ्याबरोबर रस्त्याने चालली, पुस्तक हाती घेतले, तरी लोक टोमणे मारीत. अखेर २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजात आनंदीबाईंनी भर सभेत भाषण करून मी का जाते ते सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे वचन दिले. त्यानंतर देशभरातून त्यांना मदतही आली. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा, बरोबर नवरा नाही. उतरून घ्यायला आल्या होत्या त्या कार्पेंटर मावशी.

रोझेलच्या घरात आनंदीबाई आपल्या लुगड्यात, आपल्या शाकाहारी जेवणावर राहिल्या. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे नाव दाखल झाले. तेथे जपानच्या केइ ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली यांच्याबरोबर १८८५ साली काढलेले त्यांचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही ठरली. पण क्षयाने शरीर पोखरले होते. त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीसही पुरे नव्हते.

मैत्री येथे संपली नाही. आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि त्यांनी त्या पकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. घरच्या माणसांच्या रांगेत आनंदीबाईंच्या नावाचा दगड आजही तेथे उभा आहे. पत्राने जोडलेली भाची शेवटी कुटुंबातच सामावली.

आता काकूंच्या प्रश्नाकडे वळते. काकूंची शंका अगदीच खोटी नाही. पडद्याआडून गोड बोलून फसवणारे आज पुष्कळ आहेत आणि पोरीबाळींनी सावध राहिलेच पाहिजे. म्हणून दूरची मैत्री पारखायची कशी, ते या कथेतून घ्यावे. कार्पेंटरबाईंनी मदतीच्या बदल्यात धर्म मागितला नाही की वेष मागितला नाही. दिलेला शब्द तीन वर्षांनी पाळला. चांगल्या दिवसांपुरत्या त्या आल्या नाहीत, आजारपणात होत्या आणि मरणानंतरही होत्या. जी बदल्यात काही मागत नाही, जी दिलेला शब्द पाळते आणि जी वाईट दिवसांत उत्तर देते, ती मैत्रीण खरी. मग ती टपालाने भेटो नाहीतर मोबाईलने.

तरी एक गोष्ट मनाला टोचते, ती लिहिल्यावाचून राहवत नाही. आनंदीबाईंना मावशी शोधायला अमेरिकेपर्यंत का जावे लागले? शेजारपाजारच्या शंभर घरांत एक दार उघडे असते, तर? आणि आपल्या आळीतल्या त्या सुनेने मध्यरात्री बेळगावच्या बाईला लिहिले, तेव्हा आपण कोठे होतो? खरे सांगायचे तर बाळ पेटीत आहे, हे माझ्या कानावर आले होते. कामाच्या गडबडीत मी एक फोनही केला नाही. दूरच्या बायकांनी रात्री जागवल्या, पण तिच्यासाठी घरून पेज नेणे, थोरल्या मुलाला शाळेत पोचवणे त्यांना शक्य नव्हते. ते आपल्याला शक्य होते.

म्हणून माझी एक सूचना आहे. या वर्षीपासून मंडळाने एक वही ठेवावी. कोणत्या घरी बाळंतीण आहे, कोण इस्पितळात आहे, कोणाचा मुलगा परगावी आहे, हे तीत लिहावे आणि दर आठवड्याला दोघींनी त्या घरी जाऊन यावे. दूरच्या मैत्रिणींचे आभार मानावेत, आणि जवळच्यांनी त्यांच्याकडून थोडे शिकावे. पहिल्या पानावर माझे नाव जाणाऱ्यांत घालावे, ही विनंती. त्या सुनेकडे मी परवाच जाऊन आले. बाळ आता बाळसे धरू लागले आहे.