प्रतिध्वनी आधी की नंतर?

शाळेच्या स्नेहसंमेलनात कुणीतरी आवाजाचे बटण जरा जास्त पिरगळले की कर्ण्यातला आवाज फाटतो. आपण धावत जाऊन तो कमी करतो. फाटलेला आवाज हा दोष आहे, हे कुणी शिकवावे लागत नाही. गेल्या शतकातील इंजिनियरांचेही तेच मत होते. गिटार वाजवणाऱ्यांनी मात्र याच दोषाला गुण मानले. त्यातून एक साधा पण चकवणारा प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात शोधावे लागले. ती हकिकत आपण पाहू.

आवाज फाटतो म्हणजे नेमके काय होते? १९०६ मध्ये अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट यांनी निर्वात नलिकेत, म्हणजे जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हमध्ये, तारेची एक जाळी बसवली. तापलेल्या ऋणाग्राकडून धनाग्राकडे जाणारा इलेक्ट्रॉनांचा ओघ या जाळीवरच्या अल्पशा विद्युत् दाबाने कमीजास्त करता येतो. नळाची तोटी दोन बोटांनी फिरवून पाण्याची जाड धार आवरावी, तसेच हे. पण तोटी पूर्ण बंद झाल्यावर आणखी बंद होत नाही, आणि पूर्ण उघडल्यावर आणखी उघडत नाही. नलिकेलाही अशा दोन मर्यादा आहेत. आत येणारा संदेश फार मोठा झाला, की बाहेर पडणाऱ्या लहरीचे माथे आणि पायथे छाटले जातात. छाटलेल्या लहरीत मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे नवे स्वर मिसळतात. कानाला जाणवणारा खरखरीतपणा तो हाच.

दूरध्वनीच्या लांब तारांवर एकामागून एक अनेक अ‍ॅम्प्लिफायर लागत आणि प्रत्येकाचा थोडाथोडा दोष साठत जाई. २ ऑगस्ट १९२७ रोजी बेल प्रयोगशाळेतील हॅरॉल्ड ब्लॅक कामावर जाताना हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीत बसले होते. बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही भाग उलटा करून पुन्हा आत सोडला तर दोष घटेल, ही कल्पना त्यांना तेथे सुचली. हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यांनी ती टिपून ठेवली. ऋण पुनर्भरणाचा हा शोध म्हणजे आवाज न फाटू देण्याच्या खटपटीतला मोठा विजय होता.

गिटारची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. वाद्यवृंदात गिटारचा क्षीण आवाज ऐकू यावा म्हणून १९३० च्या दशकात तिच्या तारांखाली चुंबक आणि तारेचे वेटोळे बसवण्यात आले. सोबत अ‍ॅम्प्लिफायर आला. १९५१ मध्ये मेम्फिस येथे ‘रॉकेट ८८’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले. गिटारवादकाचा अ‍ॅम्प्लिफायर वाटेत खराब झाला होता; बिघडलेल्या कर्ण्यात कागद कोंबून वेळ निभावली, असे सांगतात. तो फाटका आवाज लोकांना आवडला. १९६२ मध्ये लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात अमेरिकन फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ या नमुन्यावरून अ‍ॅम्प्लिफायर तयार होऊ लागले. वादक ते मुद्दाम मर्यादेपलीकडे रेटू लागले.

त्याच काळात दुसरी आवड वाढत होती, ती प्रतिध्वनीची. १९५८ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ली वॅटकिन्स यांचे ‘कॉपीकॅट’ हे यंत्र विक्रीस आले. त्यात आवाज चुंबकीय फितीवर नोंदला जाई आणि क्षणभराने पुन्हा वाचला जाई. असे यंत्र गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये जोडत. आवाज स्वच्छ असेपर्यंत तक्रार नव्हती. फाटका आवाज आणि प्रतिध्वनी दोन्ही एकदम हवे झाले, तेव्हा घोटाळा सुरू झाला.

हा घोटाळा फळ्यावर आकड्यांनी मांडता येतो. समजा, तार छेडल्यावर ४ एकक संदेश निघाला आणि त्याचे प्रतिध्वनी २ आणि १ एककांचे आहेत. अ‍ॅम्प्लिफायर दहापट करतो, पण १० च्या पुढे छाटतो. प्रतिध्वनी आधी घेतला तर ४, २, १ चे ४०, २०, १० व्हायला हवेत. छाटून उरतात १०, १०, १०. विरत जाणारा प्रतिध्वनी मूळ स्वराइतकाच मोठा झाला! नुसता गोंगाट. आता आधी छाटू: ४ चे ४०, छाटून १०. मग त्याचे प्रतिध्वनी घेऊ: १०, ५, २.५. आवाज फाटका आहे आणि प्रतिध्वनीही दूर दूर जातो आहे. क्रम बदलला, फळ बदलले.

म्हणजे प्रतिध्वनीचे यंत्र जिथे आवाज फाटतो त्या जागेच्या पुढे हवे. पण मार्शलसारख्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जोराने वाजवताना शेवटच्या, कर्णा हलवणाऱ्या मोठ्या नलिकाही फाटत. त्यांच्या पुढे कर्णाच! १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी सुरुवातीच्या छोट्या नलिकांचे टप्पे वाढवले. आवाज आता तेथेच फाटू लागला. त्यामुळे पूर्वभाग आणि शक्तिभाग यांच्या मध्ये योग्य जागा मिळाली. १९८० च्या आसपास त्या जागी आवाज बाहेर नेऊन परत आणणारी दोन छिद्रे दिसू लागली. इंग्रजीत या रचनेला ‘इफेक्ट्स लूप’ म्हणतात. आपण तिला ‘फेरवाट’ म्हणू.

घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधणारे हौशी लोकही ही फेरवाट जोडतात. नुसती तार कापून दोन छिद्रे बसवली तर दोन अडचणी येतात. पहिली अशी की पूर्वभागातून काही दशक व्होल्टचा संदेश निघतो, आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे यंत्र तो सोसत नाही. म्हणून दोन रोधकांच्या विभाजकाने तो सुमारे दहापट कमी करतात. दुसरी अडचण जोडतारेची. पाच मीटर तारेची धारिता सुमारे ५०० पिकोफॅरॅड असते. संदेश देणाऱ्या भागाचा रोध १०० किलोओहम असेल तर १/२πRC या सूत्राने साधारण ३,२०० हर्ट्झच्या वरचे स्वर मंदावू लागतात आणि गिटारची चमक जाते. उपाय म्हणजे ‘कॅथोड फॉलोअर’: ऋणाग्रावरून संदेश घेणारी नलिका. ती आवाज वाढवत नाही. पण तिचा बाह्य रोध सुमारे ६०० ओहम असतो, त्यामुळे ती मर्यादा ५ लाख हर्ट्झच्या पुढे जाते. परतलेला क्षीण संदेश दुसरी नलिका वाढवून पूर्वपदावर आणते. ‘१२एएक्स७’ या काचेच्या एकाच नळीत दोन नलिका असतात, त्यामुळे दोन्ही कामे तिच्यातच भागतात. परतीच्या छिद्रात आपोआप मिटणारा संपर्क ठेवला, की यंत्र जोडलेले नसताना आवाज सरळ पुढे जातो.

एक इशारा मात्र गंभीरपणे लक्षात घ्यावा. अशा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ३०० ते ४०० व्होल्टचा दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरही धारित्रांत प्राणघातक भार उरू शकतो. हा वर्गात उघडून दाखवण्याचा प्रयोग नव्हे. वर्गासाठी आकृती आणि वरचे आकडे पुरेसे आहेत.

त्याच आकड्यांचा आणखी एक उपयोग आहे. विद्यार्थ्यांना १० ऐवजी ५० ची मर्यादा घेऊन दोन्ही क्रम करून पाहायला सांगावे. दोन्ही वेळा उत्तर येईल ४०, २०, १०. काही छाटले गेले नाही, तर क्रमाने फरक पडत नाही. ब्लॅक यांनी हवी तशी निर्दोष यंत्रे सर्वांनी वापरली असती, तर फेरवाटेची गरजच पडली नसती.