चामड्याचं होल्स्टर आणि खिशाचा फुगवटा: दिसू नये म्हणून बनवलेल्या वस्तूचा इतिहास

समजा, अमेरिकेतल्या एखाद्या दुकानात एक गिऱ्हाईक कपड्यांखाली पिस्तूल बाळगण्यासाठी चामड्याचं होल्स्टर घ्यायला आलंय. दुकानदार त्याला काय विचारेल? पिस्तूल कोणतं आहे? पट्ट्याच्या आत, पँटमध्ये खोचणार की पट्ट्याच्या बाहेर लावणार? कमरेला की काखेखाली? शर्ट खोचता की सोडता? पट्टा किती जाड आहे? मग तो दोन-तीन होल्स्टर समोर टाकेल आणि दाखवेल की ट्रिगर चामड्यानं पूर्ण झाकला जातो की नाही आणि पिस्तूल बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडं राहतं की मिटतं.

आता तुम्ही म्हणाल, यात इतिहासाचा काय संबंध? संबंध असा की यातल्या प्रत्येक प्रश्नामागे शंभर-दीडशे वर्षांचा कायदा, शिवणकाम, हाणामाऱ्या आणि बाजार आहे. आणि इथे आपल्यासारख्या संशोधन करू पाहणाऱ्यांसमोर एक छान पेच उभा राहतो. जी वस्तू मुळात *दिसू नये* म्हणून बनवली, तिचा इतिहास शोधायचा कुठे?

हा प्रश्न नुसता हौसेचा राहिलेला नाही. जून 2022 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कचा पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याबाबतचा जुना नियम रद्द केला. त्या नियमाची मुळं 1911 च्या सुलिव्हन कायद्यात होती. निकालात न्या. क्लॅरेन्स थॉमस यांनी जी कसोटी घातली, ती थोडक्यात अशी: शस्त्रावरचं एखादं बंधन टिकवायचं असेल, तर ते देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतं हे सरकारनं दाखवावं. त्यामुळे 1813 किंवा 1871 मध्ये लोक पिस्तूल कसं बाळगत आणि कायदा त्यांना कुठे अडवत होता, हे सांगायला इतिहासकारांना कोर्टात बोलावलं जाऊ लागलं. आपण तळटिपा देतो तेव्हा फार तर मार्क जातात. इथे तळटिपेवर कायदा टिकतो किंवा पडतो.

पहिली अडचण शब्दांची. तुम्ही जुन्या वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहात 'होल्स्टर' हा शब्द टाकून शोध घेतलात, तर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बरेचदा घोडा सापडेल. कारण तेव्हा होल्स्टर म्हणजे मुख्यतः खोगिराच्या पुढच्या बाजूला अडकवलेली पिस्तुलांची जोड-पिशवी. कमरेला लावायच्या आवरणाला पश्चिमेकडचे खोगीर बनवणारे कारागीर आपल्या कॅटलॉगमध्ये बरेचदा 'स्कॅबर्ड', म्हणजे चक्क म्यान म्हणत. आणि लपवून बाळगणाऱ्याकडे अनेकदा म्यानही नसे. शिंपी पँटच्या मागे खिसा शिवत, त्यालाच 'पिस्टल पॉकेट' म्हणत. 'कन्सील्ड कॅरी' हा आजचा शब्द घेऊन मागे गेलात तर हाती फार काही लागणार नाही. 'कन्सील्ड वेपन्स' टाकून बघा, कायदे आणि खटले धडाधड बाहेर येतील. ड्यूक विद्यापीठानं जुन्या शस्त्र-कायद्यांचा एक खुला संग्रह ऑनलाइन ठेवला आहे. सुरुवात तिथून केलीत तरी चालेल.

या कायद्यांत एक गोष्ट आजच्या वाचकाला उलटी वाटते. केंटकी राज्यानं 1813 मध्ये खिशातलं पिस्तूल, खंजीर, काठीत दडवलेली तलवार अशा वस्तू लपवून बाळगण्यावर बंदी घातली. त्यातून सुटका होती ती प्रवासाला निघालेल्याची. लुइझियानानंही त्याच वर्षी तसाच कायदा केला. केंटकीचा कायदा तिथल्या कोर्टानं 1822 मध्ये रद्द केला. त्या ब्लिस खटल्यातला आरोपी काठीतली तलवार घेऊन फिरत होता. पण 1850 मध्ये लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयानं चँडलर खटल्यात उलट भूमिका घेतली: लपवून बाळगणं म्हणजे भेकडपणा, दगाबाजीचा आडोसा, उघड बाळगणं मात्र पुरुषाला शोभणारं. थोडक्यात, गुन्हा होता तो झाकण्यात.

इथे जरा थांबा आणि कायद्याचा मजकूर म्हणजे वास्तव असं धरून चालू नका. फ्लोरिडाचं उदाहरण घ्या. 1941 च्या वॉटसन विरुद्ध स्टोन या खटल्यात न्या. ब्यूफर्ड यांनी स्वतंत्र मत लिहिलं. त्यात त्यांनी सरळ म्हटलंय की राज्याचा 1893 चा शस्त्र-कायदा काळ्या मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी आणला गेला होता आणि गोऱ्यांना तो लावायचा हेतूच नव्हता. खुर्चीत बसलेला न्यायाधीशच हे लिहून ठेवतो! मग 'परंपरा' म्हणून त्या कायद्याचा दाखला द्यायचा तर कशाचा द्यायचा, मजकुराचा की अंमलबजावणीचा? ब्रुएननंतरच्या वादात हा काटा सतत टोचत राहतो, आणि मला वाटतं तो टोचलाच पाहिजे.

आता टूम्बस्टोनला जाऊ. ॲरिझोनातलं हे चांदीच्या खाणींचं गाव. ओ. के. कोरालची चकमक सिनेमामुळे सगळ्यांना माहीत असते. पण तो मुळात हत्यारबंदीचा मामला होता, हे फार जणांना माहीत नसतं. एप्रिल 1881 मध्ये गावानं वटहुकूम काढला की गावात प्राणघातक हत्यार बाळगायचं नाही, लपवूनही नाही आणि उघडही नाही. 26 ऑक्टोबर 1881 ला पोलीसप्रमुख व्हर्जिल अर्प, त्याचे भाऊ वायट आणि मॉर्गन, आणि डॉक होलिडे हे क्लँटन आणि मॅक्लॉरी मंडळींची हत्यारं काढून घ्यायला गेले. अर्ध्या मिनिटाच्या आसपास गोळीबार झाला आणि तिघे मेले.

पुढे न्यायाधीश वेल्स स्पायसर यांच्यासमोर सुनावणी झाली. तिच्यातल्या साक्षी वाचा, कारण आपल्या विषयासाठी ती खाण आहे. वायट अर्पनं दिलेल्या निवेदनात त्याचं पिस्तूल कुठे होतं? कमरेला लटकणाऱ्या ऐटबाज होल्स्टरमध्ये नव्हे, तर ओव्हरकोटाच्या खिशात. होलिडेनं शॉटगन लांब कोटाखाली धरली होती. म्हणजे कायदा राबवणारी माणसंच झाकून बाळगत होती.

आणि खरा वाद मेलेल्या टॉम मॅक्लॉरीवरून. त्याच्याजवळ पिस्तूल होतं की नव्हतं? त्यानं एक पिस्तूल त्याआधी एका सलूनमध्ये ठेवलं होतं. प्रेताची तपासणी झाली तेव्हा अंगावर हत्यार सापडलं नाही आणि काडतुसांचा पट्टाही नव्हता. पण हॉटेलवाल्या बिलिकेनं साक्ष दिली की टॉम खाटकाच्या दुकानात शिरला तेव्हा त्याच्या पँटचा खिसा सपाट होता, आणि बाहेर आला तेव्हा फुगलेला होता, आत पिस्तूल असावं तसा. बास. सारा पुरावा एका खिशाच्या फुगवट्यावर येऊन ठेपला. आता दुसरी नोंद बघा: टॉमच्या अंगावर रोकड आणि चेक मिळून सुमारे 2,900 डॉलर सापडले होते. मग फुगवटा पिस्तुलाचा होता की पैशांचा? स्पायसर यांनी या प्रश्नाला वळसा घातला. टॉम निःशस्त्र असलाच, तरी सशस्त्र टोळीत उभा असल्यामुळे तेवढ्यावरून आरोपी दोषी ठरत नाहीत, असं म्हणून त्यांनी आरोपींना सोडलं. फुगवटा तसाच राहिला. होल्स्टर विकणारे आज ज्या गोष्टीची सर्वात जास्त काळजी घेतात, म्हणजे कपड्यावर पिस्तुलाचा आकार उमटू नये, ती गोष्ट इथे एका खून-खटल्यात साक्ष बनून आली आहे.

खिशापेक्षा म्यान बरं, हे लोकांना कधी कळलं? टेक्सासचा कुप्रसिद्ध बंदूकबाज जॉन वेस्ली हार्डिन ऑगस्ट 1877 मध्ये फ्लोरिडात पेन्साकोलाजवळ रेल्वेच्या डब्यात पकडला गेला. त्यानं पिस्तूल उपसायचा प्रयत्न केला, पण ते त्याच्या पँटच्या गॅलिसमध्ये अडकलं, अशी हकिकत आहे. ती मुख्यतः पकडणाऱ्यांच्या बाजूनं आलेली असल्यानं जरा चिमटीत धरून वाचा. तरी अडचण खरी आहे. कमरेला नुसतं खोचलेलं पिस्तूल सरकतं, फिरतं, अडकतं. त्या शतकाच्या अखेरीला काखेखाली अडकवायची आवरणं कारागिरांच्या मालात दिसू लागतात. मोंटानातल्या माइल्स सिटीचा अल फर्स्टनाउ याचं नाव त्यात हमखास येतं. त्याच्या एका नमुन्यात चामडं अगदी कमी, नुसता सांगाडा, आणि पिस्तूल धरून ठेवायला स्प्रिंग.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे. संग्रहालयात जुनं होल्स्टर हातात आलं (हातमोजे घालून!), तर काय बघायचं? आधी चामडं. चांगल्या होल्स्टरचं चामडं झाडपाल्यानं, सालींनी कमावलेलं असतं. आपलं कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्याच जातीचं. असं चामडं भिजवून पिस्तुलाभोवती दाबलं आणि वाळवलं की तो आकार धरून ठेवतं. 1884 मध्ये पेटंट झालेल्या क्रोमच्या पद्धतीचं चामडं मऊ, पाणी सोसणारं आणि लवकर तयार होणारं, पण असा आकार धरत नाही. म्हणून क्रोमनं साऱ्या जगाचे बूट बदलले तरी होल्स्टरवाला सालीला चिकटून राहिला. याचा फायदा आपल्याला होतो: पिस्तूल केव्हाच हरवलेलं असलं तरी त्याचा ठसा चामड्याच्या आतल्या बाजूला राहतो.

पट्ट्यावर काडतुसांसाठी शिवलेल्या कड्या असतील तर त्यांच्या आत डोकवा. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकलं की कडेला जो हिरवा थर दिसतो, तसलाच थर तिथे असेल तर पितळी काडतुसं बराच काळ तिथे बसून होती असं समजा. अंगाकडची बाजू घामानं काळवंडली आहे का, ते बघा. आणि कारागिराचा शिक्का. एस. डी. मायर्स हा नावाजलेला कारागीर 1920 मध्ये स्वीटवॉटरहून एल पासोला आला. त्यामुळे 'एल पासो' असा त्याचा शिक्का असलेलं होल्स्टर कुणी 1895 मध्ये मारल्या गेलेल्या हार्डिनचं म्हणून विकत असेल, तर हसून पुढे जा.

मायर्सच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. टेक्सासनं 1871 मध्ये अंगावर किंवा खोगिरात पिस्तूल बाळगण्यावर कडक बंदी घातली, अपवाद मोजके. सामान्य नागरिकाला परवाना घेऊन लपवून बाळगता येईल असा कायदा व्हायला 1995 साल उजाडलं. म्हणजे होल्स्टरच्या इतिहासातला हा मोठा कारखाना नेमका बंदीच्या राज्यात फुलला! गिऱ्हाईक होतं रेंजर, पोलीस, सीमेवरचे अधिकारी, शिवाय टपालानं माल मागवणारे बाहेरचे लोक. नुसतं होल्स्टर सापडलं म्हणून बाळगणं कायदेशीर होतं असं म्हणता येत नाही, आणि कायदा होता म्हणून कुणी बाळगत नव्हतं असंही नाही.

सिनेमानं आपले डोळे बिघडवलेत हेही सांगायला हवं. मांडीवर खाली लोंबणारं, पट्ट्यालाच चीर पाडून अडकवलेलं ते होल्स्टर 1920 च्या दशकातलं. झटपट पिस्तूल उपसण्यासाठी आत धातू घातलेला प्रकार 1950 च्या दशकात हॉलिवूडच्या आर्वो ओजालानं गाजवला. 1870 च्या काउबॉयच्या कमरेला ते शोधू नका. जुने फोटोही जपून वापरा. माणूस फोटोसाठी हत्यार मिरवतो. ज्यानं ते लपवलं आहे, त्याच्या फोटोत ते नसणारच.

आजच्या होल्स्टरचं रूप आलं ते मुख्यतः साध्या वेशातल्या पोलिसांकडून. कॅलिफोर्नियात गुप्तपणे काम करणारा ब्रूस नेल्सन आणि आयडाहोचा कारागीर मिल्ट स्पार्क्स यांच्या नावाशी जोडलेलं 'समर स्पेशल' हे पँटच्या आत बसणारं होल्स्टर बघा. चामड्याची खरखरीत बाजू बाहेर, म्हणजे कपड्याला धरून राहतं. तोंडात धातूची पट्टी, म्हणजे पिस्तूल काढल्यावर तोंड मिटत नाही आणि एका हातानं परत ठेवता येतं. लेखाच्या सुरुवातीचा दुकानदार जे दाखवत होता, ते हेच. 1987 मध्ये फ्लोरिडानं अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला परवाना द्यायचं ठरवलं, मग एकेक करून इतर राज्यं आली, आणि पोलिसांची ही गरज सामान्य गिऱ्हाइकाची झाली.

ट्रिगर झाकण्याचा मुद्दाही त्यातच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली नावाजलेली होल्स्टर बघाल तर ट्रिगर सर्रास उघडा. तेव्हा महत्त्व हात पटकन पोचण्याला होतं. आज उघड्या ट्रिगरचं होल्स्टर कुणी जाणकार घेणार नाही. धोका कोणाकडून आहे, समोरच्याकडून की स्वतःच्याच बोटाकडून, याबद्दलची समजूत बदलली ती चामड्याच्या त्या दोन इंचांत दिसते.

जाता जाता आपल्याकडची एक गोष्ट, कुणाला तुलनात्मक विषय हवा असेल तर. भारताच्या 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकानं सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं तर ते होल्स्टरसारख्या आवरणात आणि पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे. 1850 चं लुइझियाना झाकणाऱ्याला शिक्षा देत होतं, आपले नियम न झाकणाऱ्याला अडवतात. या दोन टोकांच्या मध्ये 1878 चा इंग्रजांचा शस्त्र कायदा आणि 1959 चा आपला कायदा येतो. मुंबई इलाख्यातल्या परवान्यांचे कागद या प्रश्नाच्या अंगानं वाचता येतील. विषय कुणी घेतलाच, तर कॉमेंटमध्ये कळवा.