विज्ञानकथेतील डॉक्टर : बंद दार आणि उघडे दार

विज्ञानकथेतील डॉक्टरची चर्चा बहुधा मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) या कादंबरीपासून सुरू होते. वस्तुतः तिचा नायक व्हिक्टर हा डॉक्टर नव्हेच. तो इंगोलश्टाट विद्यापीठातील निसर्गविज्ञानाचा विद्यार्थी. ‘डॉक्टर’ ही उपाधी त्याला नंतरच्या लोकस्मृतीने बहाल केली. ही चूक बोलकी आहे. एकांतात, कोणालाही न सांगता मानवी देहावर प्रयोग करणारा माणूस डॉक्टरच असणार, असे वाचकांनी जणू गृहीत धरले.

या प्रतिमेला खरी पदवी मिळाली ती १८८६ मध्ये. स्टीव्हन्सनचा डॉ. जेकिल स्वतःच तयार केलेले औषध बंद दाराआड स्वतःवरच आजमावतो. त्या औषधातील क्षार संपतो, नवा क्षार आणूनही गुण येत नाही. पहिल्या क्षारातील अज्ञात अशुद्धीच परिणामकारक असावी, असे त्याला फार उशिरा वाटू लागते. त्याचे ज्ञान दुसऱ्या कोणी पडताळलेले नव्हते, ही त्याच्या शोकांतिकेची वैद्यकीय बाजू. योगायोग असा, की त्याच वर्षी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी एम.डी. झाल्या. आपण अमेरिकेला का जात आहोत, हे त्यांनी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या (बंगाल) जाहीर सभेत सांगितले होते. कल्पितातला डॉक्टर दार लावून घेत असताना वास्तवातली डॉक्टर चारचौघांत उभी राहून बोलत होती.

पुढचे दशकही असेच बोलके आहे. १८९६ मध्ये वेल्सचा डॉ. मोरो प्राण्यांची चिरफाड करण्यासाठी निर्जन बेट गाठतो. त्याच वर्षी मुंबईत प्लेग उद्भवला. हाफकिन यांनी तेथील ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. हाफकिनही वैद्यकीय पदवीधर नव्हते. कृती जेकिलचीच, परंतु तिचे निष्कर्ष इतरांसमोर तपासणीसाठी ठेवले गेले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वयंसेवकांवर चाचणी झाली. कैद्यांची स्वेच्छा कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न तेथे उरतोच. दार उघडे असले, तरी आत कोण कोणत्या नात्याने उभा आहे, हे पाहावे लागते.

मराठी विज्ञानकथेची आधुनिक परंपरा निराळ्या भूमीत रुजली. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ ची. तिच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. बाळ फोंडके यांच्यासारखे जीवशास्त्रज्ञही या प्रकाराकडे वळले. विज्ञानप्रसाराच्या प्रेरणेतून वाढल्यामुळे आमच्या मते येथला ज्ञानी मनुष्य ज्ञान दडवण्यापेक्षा समजावून सांगण्यात अधिक रमतो. हा या परंपरेचा मोठा गुण होय. तथापि समजावणारा एक आणि ऐकणारे अनेक, ही रचना मात्र बहुधा तशीच राहते.

अणदूरसारख्या गावी साहित्याचा विचार करताना ही मर्यादा आम्हांला विशेष जाणवते. येथेच डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांनी ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’ उभे केले आणि खेड्यापाड्यांतील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ घडवल्या. त्याआधी जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी हीच वाट चोखाळली होती. पदवीधारकाच्या हातातील ज्ञान शेतमजूर बाईच्या हाती जाणे, ही घटना कोणत्याही काल्पनिक औषधापेक्षा कमी विलक्षण नाही. तिच्यात नाट्य आहे, संघर्ष आहे, आणि ‘असे झाले तर?’ हा विज्ञानकथेचा मूळ प्रश्नही आहे.

विज्ञानकथेने डॉक्टरला देव केले, दैत्य केले, क्वचित शिक्षकही केले. आपल्या ज्ञानाची मक्तेदारी स्वतःहून सोडणारा डॉक्टर, आणि ते ज्ञान पेलणारी गावातील स्त्री, यांना मात्र तिने अद्याप पुरेशी जागा दिलेली नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी लिहू पाहत असेल, तर विषय दारातच उभा आहे.