विजयदुर्गचे कट्टे आणि सूर्यावरील पिवळी रेषा

विजयदुर्गच्या किल्ल्यांत ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. पाहुण्याला ते दाखवितांना एक गोष्ट हटकून सांगितली जाते. नॉर्मन लॉकियर नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणांत येथेंच दुर्बीण लावली आणि हेलियम या मूलद्रव्याचा शोध लावला, अशी ती गोष्ट. कोकणच्या माणसाला तिचा अभिमान वाटावा हें साहजिक आहे. परंतु त्या दिवशीं लॉकियर विजयदुर्गास नव्हता. तो हिंदुस्थानांतच नव्हता. कट्टे खरे, साहेबहि खरा. घोटाळा झाला आहे तो तीस वर्षांचा.

मूळ गोष्ट ग्रहणाच्या कांहीं वर्षें आधीं सुरू होते. पेटत्या शेगडींत मिठाची चिमूट पडली कीं ज्योत पिवळी होते, हें प्रत्येक गृहिणी पाहते. तो पिवळा रंग मिठांतील सोडियमचा. तो प्रकाश लोलकांतून नेला तर वर्णपटांत एका ठराविक जागीं दोन जवळजवळच्या पिवळ्या रेषा उमटतात. दुसऱ्या कोणत्याहि मूलद्रव्याच्या रेषा नेमक्या त्या जागीं पडत नाहींत. बुन्सेन आणि किर्खोफ या जर्मन पंडितांनीं १८५९-६० मध्यें हें सिद्ध केलें. १८३५ साली फ्रेंच तत्त्ववेत्ता ओग्युस्त कोंत यानें असें लिहून ठेवलें होतें कीं, तारे कशाचे बनले आहेत हें मनुष्याला कधींहि कळणार नाहीं. पंचवीस वर्षांच्या आंत त्याचें विधान खोटें ठरलें. ‘कधींहि’ हा शब्द शास्त्रांत फार जपून वापरावा लागतो.

सूर्यग्रहणाच्या वेळीं काळ्या बिंबाच्या कडेवर तांबूस ज्वाला दिसत. त्या कशाच्या असाव्या, हा तेव्हांचा मोठा प्रश्न होता. १८६८ च्या ग्रहणाची छाया हिंदुस्थानावरून जाणार म्हणून निरनिराळ्या पथकांनीं येथें तळ दिले. पटवर्धनांच्या जमखंडींत लेफ्टनंट जॉन हर्शेल होता. त्यानें तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तेजस्वी रेषा पाहिल्या. नारिंगी रेषा सोडियमचीच, असें त्यास वाटलें. मच्छलीपट्टणास पॉग्सन होता. गुंटूर येथें फ्रान्सचा झ्यूल जान्सेन होता. या ज्वाला मुख्यतः तप्त हायड्रोजनच्या आहेत, हें त्या दिवशीं ठरलें. जान्सेनला त्या रेषा इतक्या ठळक दिसल्या कीं, ग्रहण नसतांनाहि त्या दिसल्या पाहिजेत असें त्याच्या मनानें घेतलें. आणि दुसऱ्याच दिवशीं भर उन्हांत त्यानें त्या पाहिल्या!

लॉकियर त्या वेळीं लंडनच्या युद्धखात्यांत कारकून होता. ज्योतिष हा त्याचा फावल्या वेळेचा उद्योग. त्याच्या मनांतहि हीच युक्ति होती, पण वर्णपटदर्शक तयार होऊन हातीं येण्यास फार विलंब लागला. तो ऑक्टोबरांत आला, आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजीं इंग्लंडांतूनच, ग्रहणावांचून, लॉकियरनें त्या ज्वालांच्या रेषा पाहिल्या. दोघांचीं पत्रें पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें एकाच बैठकींत आलीं. कोण पहिला, असा वाद न माजवितां फ्रेंच सरकारनें दोघांच्या मुद्रा एकाच पदकावर कोरून घेतल्या.

आतां ती पिवळी रेषा. लॉकियरनें मोजून पाहिलें तों ती सोडियमच्या जोडीवर पडेना. सोडियमच्या रेषा ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉमच्या. ही ५८७६ ची. अंतर अगदीं थोडें, पण शास्त्रांत तेवढेंहि पुरतें. शिवाय सोडियमच्या जागीं साध्या सूर्यप्रकाशांत काळ्या रेषा असतात, तशी काळी रेषा हिच्या जागीं सांपडेना. रसायनज्ञ फ्रँकलंड याच्या साहाय्यानें हायड्रोजनवर नाना प्रयोग झाले. दाब बदलला, उष्णता बदलली, तरी तो वायु ही रेषा देईना. मग हें एखादें नवेंच द्रव्य असावें काय? फ्रँकलंडला तें मान्य करवेना. ग्रीकांच्या सूर्यदेवावरून ‘हेलियम’ हें नांव मात्र पडलें, आणि १८७१ साली विल्यम टॉमसन यानें ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणांत त्याचा उल्लेख केला. नांवाचा शेवट सोडियमसारखा, कारण तें धातु असावें अशी अटकळ होती. ती चुकली, पण नांव तसेंच राहिलें.

पुढें जवळजवळ पाव शतक हें द्रव्य केवळ एका रेषेच्या आधारावर उभें होतें. पृथ्वीवर त्याचा थांग नाहीं, तोलण्यास एक कण नाहीं. अनेक रसायनज्ञ तें मानीतच नसत, आणि त्यांना दोष देतां येत नाहीं. मार्च १८९५ मध्यें विल्यम रॅम्झे आर्गॉन वायूच्या शोधांत होता. क्लेव्हाइट नांवाच्या युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची क्रिया करून त्यानें वायु जमविला. अशाच खनिजांतून निघणारा वायु अमेरिकेंत हिलेब्रँडनें पूर्वींच पाहिला होता. पण तो नत्रवायु समजून त्यानें सोडून दिला होता. रॅम्झेच्या नळींत पिवळी रेषा चमकली. त्यानें ती नळी क्रुक्सकडे मोजण्यास पाठविली. उत्तर आलें: सूर्यावरचीच ती रेषा!

त्यानंतर तीन वर्षांनीं, २२ जानेवारी १८९८ रोजीं, पुन्हां खग्रास ग्रहणाची छाया महाराष्ट्रावरून गेली. तेव्हां लॉकियर विजयदुर्गास आला. आतां तो ‘सर’ झाला होता. इंग्रजी आरमाराच्या ‘मेल्पोमेनी’ या जहाजावरील खलाशी त्याच्या मदतीस होते, आणि किल्ल्यांत लोलक लावलेले कॅमेरे मांडले गेले. म्हणजे कट्ट्यांचें नातें या ग्रहणाशीं. आणि हेलियम तोंवर पृथ्वीवर सांपडून गेलें होतें.

त्याच दिवशीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें अमेरिकेच्या लिक वेधशाळेचें पथक होतें, आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हेहि आपलें पथक घेऊन तेथेंच होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून पुण्यास उभारलेली तख्तसिंगजी वेधशाळा त्यांच्याच हातीं होती. ती १९१२ साली बंद झाली, आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाइकनालच्या वेधशाळेकडे गेली.