अल्पदृष्टी पुनर्वसन : इलाज थांबतो तिथून सुरू होणारं करिअर

बेहरामपाडा, भारतनगर भागातल्या शिलाई कारागिराची नजर गेली की रोजीही जाते. डॉक्टर सांगतात, पडदा खराब झालाय, नंबर बदलून उपयोग नाही. घरचे समजतात, संपलं. लहान मूल असेल तर शाळाच सुटते. पण थोडीफार नजर शिल्लक असेल, तर ऑप्टोमेट्रिस्टचं एक वेगळं काम इथूनच सुरू होतं. त्याला लो व्हिजन रिहॅबिलिटेशन, म्हणजे अल्पदृष्टी पुनर्वसन म्हणतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे, चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ ते ३/६० असेल, किंवा नजरेचा घेर ४० अंशांहून कमी, १० अंशांपर्यंत आला असेल, तर ती अल्पदृष्टी. मधुमेह आणि काचबिंदू ही ओळखीची कारणं. रेटिनायटिस पिगमेंटोसा मात्र आनुवंशिक आहे. त्याची सुरुवात बहुधा रातांधळेपणाने होते. जवळच्या नात्यात लग्न झालं की अशा काही आजारांचा धोका वाढतो. आपल्या घरांत यावर मोकळेपणाने बोललं जात नाही, बोललं पाहिजे.

इथे ऑप्टोमेट्रिस्ट नंबर काढून थांबत नाही. तुम्हाला नेमकं काय करायचंय, हे आधी विचारतो. दादींना कुरआन वाचायचंय, अब्बांना बिलावरचे आकडे, मुलाला फळा. त्याप्रमाणे भिंग, छोटी दुर्बीण, पिवळट फिल्टर, वाचनाचा स्टँड किंवा मोबाइलची सेटिंग ठरते. खरी मेहनत शिकवण्यात आहे. २० डायॉप्टरच्या चष्म्याने वाचायचं तर कागद डोळ्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर धरावा लागतो. हे कुणी सांगितलं नाही, तर महागडा चष्मा कपाटात पडून राहतो.

या कामाकडे वळायचं तर बारावी सायन्सनंतर बी.ऑप्टोम करावं लागतं. त्यात इंटर्नशिपही असते. वांद्र्याहून जुहूचं लोटस कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्री फार लांब नाही. पुढे एम.ऑप्टोमही करता येतं. २०२१ च्या कायद्याने आरोग्य क्षेत्रातल्या या पेशाला राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणलंय. चष्म्याच्या दुकानात लवकर पगार सुरू होतो, म्हणून बरेच जण तिकडेच थांबतात. अल्पदृष्टीच्या कामात एका पेशंटला तासभर द्यावा लागतो. सबुरी असलेल्या मुलामुलींनी याचा जरूर विचार करावा.

दिव्यांगत्वाचा दाखला मात्र ऑप्टोमेट्रिस्ट देत नाही. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो, मग सरकारी इस्पितळात तपासणी होते. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी नोकरीत आरक्षण आहे. लेखनिकाची गरज असलेल्यांना केंद्राच्या नियमांनुसार परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात.

रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी आहे. नजरेसाठी लोक चुकून तिथे जातात. १९५२ साली स्थापन झालेली नॅब ही अंधांसाठीची संस्था वरळी सीफेसला, खान अब्दुल गफ्फार खान रोडवर आहे. तपासणीला कुठेही गेलात तरी जुनी फाईल, सगळे चष्मे आणि जे वाचता येत नाही ते पुस्तक सोबत न्या.