खिशातला डोळा आणि खिशातला गळा

मोबाईल हातात घेतला की आपण त्याला एकच वस्तू समजतो. खरं पाहिलं तर त्या एवढ्याशा डबीत दोन जुनी यंत्रं नांदत आहेत. एक टिपून घेणारं आणि दुसरं टिपलेलं पुन्हा दाखवणारं, ऐकवणारं. एक डोळा म्हणा, दुसरा गळा. या दोघांची कथा मोठी गमतीची आहे. जन्मली तेव्हा ती एकत्र होती, मग त्यांची ताटातूट झाली आणि सुमारे सव्वाशे वर्षांनी ती पुन्हा एका घरात आली.

अमेरिकेत एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला. त्याच्या नळकांड्यावर माणूस बोलायचा आणि तेच यंत्र त्याचं बोलणं परत ऐकवायचं. फ्रान्समधल्या ल्युमिएर बंधूंचं सिनेमॅटोग्राफही तसंच होतं. चित्रं टिपणारी पेटी तीच आणि पडद्यावर दाखवणारीही तीच. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात या हलत्या चित्रांचा खेळ झाला. पुढे १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, यांनी विलायतेहून आणवलेल्या कॅमेऱ्यानं हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. पाहणाऱ्यानं टिपणारा व्हायला फार वेळ लावला नाही, हे ध्यानात घ्या.

पण मग व्यापार वाढला. ग्रामोफोनची तबकडी आली. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजान यांचं गाणं तबकडीवर उतरलं आणि गाणं बाजारात विकत मिळू लागलं. फायदा मोठा झाला. मात्र घरातला ग्रामोफोन फक्त वाजवायचा, तो टिपायचा नाही. सिनेमाचंही तेच झालं. टिपणारे थोडे, पाहणारे लाखो. गावाकडचा माणूस श्रोता झाला, प्रेक्षक झाला; त्याचा स्वतःचा आवाज मात्र त्याच्या ओसरीवरच विरून गेला.

ही फूट सांधली ती विजेच्या नव्या विद्येनं. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ या दोघांनी प्रकाशाचं विजेत रूपांतर करून साठवणाऱ्या चकतीची कल्पना काढली. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानं फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा जुळवला. चित्रात ठिपके अवघे दहा हजार, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत! पण चित्र म्हणजे आता आकडे झाले होते, आणि आकड्यांना कुठंही नेता येतं.

आवाजाचेही आकडे झाले. पण ते फार जागा खात. जर्मनीतल्या संशोधकांनी मग एक युक्ती केली. माणसाच्या कानाला जे ऐकूच येत नाही, ते टाकून द्यायचं. धान्य पाखडावं, फोल उडावं आणि दाणा सुपात राहावा, तसं. त्या पद्धतीला १९९५ साली एमपी-थ्री हे नाव मिळालं. हलत्या चित्रातही तीच काटकसर. मागच्या चित्रापेक्षा पुढच्या चित्रात जे बदललं, मुख्यत्वे तेवढंच लिहून ठेवायचं. अखेर २००० साली जपानात शार्प कंपनीचा कॅमेऱ्याचा फोन निघाला, त्यात सुमारे एक लाख दहा हजार ठिपके होते. डोळा आणि गळा पुन्हा एका घरात आले ते असे.

२००८ साली आयफोन आणि अँड्रॉइड या दोन्हींवर ॲपचे बाजार उघडले. ॲप म्हणजे फोनला एखादं काम नेमून देणारी सूचनांची पोथी. ॲप लिहिणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक, फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्याला सांगायचं, "बाबा, एक फोटो काढून दे." दुसरी, कॅमेरा आपल्याच ताब्यात घ्यायचा. दुसरी वाट धरली तर काम झाल्यावर तो सोडावा लागतो. पाणवठ्यावर एकानंच घागर लावून बसलं तर बाकीच्यांनी काय करायचं? वाजवण्याचंही शास्त्र आहे. फाईल उघडायची, आकडे उलगडायचे, थोडा भाग पुढचा तयार ठेवायचा आणि मग वाजवायचं. मध्येच कुणाचा फोन आला तर थांबायचं.

आता शाळेची गोष्ट. १९९४ साली जपानमधल्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी मोटारीचे सुटे भाग ओळखण्यासाठी क्यूआर हे चौकोनी चिन्ह तयार केलं. त्याच्या तीन कोपऱ्यांतल्या ठळक चौकटींवरून कॅमेऱ्याला चिन्हाची जागा व दिशा कळते. हेच चिन्ह सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकावर आणलं. मुलानं फोन धरला की कविता ऐकू येई, धडा दिसे. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. २०१७ साली देशात दीक्षा हे व्यासपीठ सुरू झालं आणि बालभारतीच्या पुस्तकांतही अशी चिन्हं आली. पण ज्या घरी फोन नाही, त्या मुलाला ते चिन्ह म्हणजे नुसती काळी नक्षी. म्हणून गुरुजनांनो, धडा आधी उतरवून ठेवा आणि वर्गात सगळ्यांना मिळून दाखवा.

दुसरी गोष्ट परवानगीची. पूर्वी अँड्रॉइडवर ॲप घेतानाच सगळ्या परवानग्या एकदम द्याव्या लागत. २०१५ सालापासून ॲपला कॅमेऱ्यासाठी वापराच्या वेळी वेगळं विचारावं लागतं. नव्या फोनवर डोळा उघडा असला की कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. विजेरीच्या ॲपला तुमचा आवाज ऐकायची गरज काय? तेव्हा न वाचता होकार देऊ नका. आणि हाच नियम आपल्यालाही लागू आहे, बरं का. मुलाचा फोटो काढण्याआधी त्याला आणि त्याच्या आईबापांना विचारा.

शेवटी मुद्द्याचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या कितीतरी आज फोनवर ऐकता येतात. तेवढं काम उभं करायला अनेकांची बरीच वर्षं गेली. आज टिपण्याचं साधन घरोघर पोचू लागलं आहे. गावातली एखादी म्हातारी पेरणीची जुनी रीत सांगते, विहिरीचा इतिहास सांगते. तिची संमती घेऊन तो टिपून ठेवणं हे आता एका विद्यार्थ्याचं एका दुपारचं काम आहे. शंभर वर्षं आपण ऐकत आलो. आता ऐकवायची पाळी आपली आहे.